दुनाळी बारा बोर ढिली झालीय, खानापूर-बेळगाव भागात बंदुकीचा कारागीर मिळेना

गुंजी_शेत

नमस्कार मंडळी. पीकसंरक्षणाच्या लायसन्सवरची जुनी दुनाळी आहे, बारा बोर, बाहेरच्या घोड्यांची, इंग्लिश बनावटीची. लायसन्स चुलत्यांच्या नावावर, त्यांचं वय ७८. तक्रारी तीन आहेत. बंद केल्यावरही नळ्या हलतात. डावा घोडा पडतो, पण काडतुसाच्या टोपीवर हलकीच खूण उमटते आणि बार उडत नाही. दोन नळ्यांमधली वरची पट्टी पुढच्या टोकाला सुटत आलीय.

गावातला वेल्डर म्हणतो, हुकावर (नळ्यांखालचा, बिजागराच्या पिनेला अडकणारा भाग) टाका भरून घासून देतो, घट्ट बसेल. उद्यमबागेतल्या एका शॉपवाल्यानं नळ्या ब्लॅकोडाइझ करून (गरम रसायनाच्या टाकीत बुडवून काळ्या करून) देतो म्हटलंय, म्हणजे गंजही जाईल. हे करावं का? कारागीर शोधायचा तर कुठं? चुलत्यांना प्रवास झेपत नाही, मग बंदूक दुसऱ्यानं नेली तर चालते का? आणि एवढी मशीन शॉप असलेल्या जिल्ह्यात हे काम येणारा माणूस का मिळू नये?

उद्यमबाग_बेंच

दोन्हीला नाही म्हणा, आणि आजच म्हणा.

दुनाळीच्या दोन नळ्या मागच्या बाजूला पितळी डागानं (वितळलेल्या धातूच्या सांध्यानं) जोडलेल्या असतात. वरची-खालची पट्टी मात्र कथील-शिशाच्या साध्या डागावर बसलेली असते. हा डाग साधारण १८० ते २५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो. हुकावर वेल्डिंगचा टाका पडला की उष्णता नळीत शिरते आणि पट्टी आज टोकाला सुटलीय ती पुढं मधूनही सुटते. दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. टाक्याशेजारचं पोलाद कुठं कडक तर कुठं मऊ होतं. वरून घासून चकचकीत केलं तरी आतली चीर पुढच्या बारांनी वाढत जाते. हूक हातोड्यानं ठोकून पसरवणं हाही तसलाच उपाय. थोडे दिवस घट्ट वाटतं, मग झीज आणखी वेगानं होते.

ब्लॅकोडायझिंगचं गणित वेगळं आहे. ती टाकी कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या क्षारांची, साधारण १४० अंशांवर चालते. त्या तापमानाला कथील वितळत नाही, म्हणून शॉपवाल्याला वाटतं काही होणार नाही. पण कॉस्टिक कथील-शिसं खातं. शिवाय पट्टीखाली पोकळी असते. तिथं क्षार शिरले की धुऊन निघत नाहीत आणि आतून गंज चालू राहतो. बोल्ट, गिअर, एकनाळीची साधी नळी यांना ही टाकी ठीक आहे, डागाच्या दुनाळीला कधीच नाही. दुनाळीचा काळा रंग गंज चढवून, उकळून, तारेच्या ब्रशानं खरवडून, पुन्हा चढवून आणतात. त्याला आठवडाभर जातो, पण डाग शाबूत राहतो.

पट्टी किती सुटलीय ते असं बघा: नळ्या वेगळ्या करून हुकातून दोरी ओवा, लटकवा आणि लाकडी दांडीनं हलकं टिचकवा. घंटेसारखा लांब नाद आला तर डाग धरून आहे. बद्द आवाज आला तर आतपर्यंत सुटलाय. दुरुस्तीत जुना डाग पूर्ण काढून, दोन्ही अंगांना नवीन कथील चढवून, तारेनं बांधून, पाचरी मारून पुन्हा डाग देतात. फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून लावतात तो पदार्थ) राळेचा हवा. आम्लाचा फ्लक्स वापरला की पोकळीत गंज कायमचा मुक्कामाला येतो.

जुना_आर्मरर

गुंजीवाले, आधी बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. मग पुढची लाकडी मूठ काढा. मुठीत स्प्रिंग असते, ती ढिलाई लपवते, म्हणून मूठ लावून केलेली तपासणी खोटी. मूठ न लावता बंदूक बंद करा, एका हातात दस्ता, दुसऱ्यात नळ्या, आणि वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. डावी-उजवीकडचा खेळ आणि मागे-पुढचा खेळ वेगळे समजा. मागे-पुढचा जास्त धोक्याचा, कारण तिथं काडतुसाचा बूड आणि मागची भिंत यांत फट पडते. वहीचा साधा कागद सुमारे ०.१ मिमीचा असतो. त्याची पट्टी त्या फटीत ठेवून बंदूक बंद करा. कागद सहज ओढून निघाला तर बिजागराची पिन किंवा हूक झिजलाय, आणि त्या अवस्थेत बार काढायचा नाही.

तुमच्या पहिल्या दोन तक्रारी कदाचित एकच असतील. फट पडली की काडतूस पुढं सरकून बसतं, टोपीवर आदळणारी पिन पुरेशी पोचत नाही आणि टोपीवर खूण हलकी पडते. पण तसं असेल तर उजवीकडेही थोडीफार तीच लक्षणं हवीत. फक्त डावीकडेच होत असेल तर डावी पिन झिजलेली, तिच्या भोकात जुनं तेल गोठलेलं, नाहीतर डावी मुख्य स्प्रिंग मंदावलेली. बंदूक उघडी ठेवून घोडा अंगठ्यानं पूर्ण पुढं दाबा (काही घोडे पडल्यावर थोडे मागे सरकतात, म्हणून दाबावंच लागतं) आणि पिन भिंतीबाहेर किती येते ते व्हर्नियरच्या खोली मोजायच्या काडीनं मोजा. १ ते १.४ मिमीच्या आसपास हवी, टोक गोलसर हवं. टोक खडबडीत किंवा टोकदार झालं असेल तर टोपी फाटून वायू मागं येतो, डोळ्याकडे.

बार उडाला नाही तर बंदूक लगेच उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा. त्याच काडतुसावर पुन्हा पुन्हा घोडा पाडत बसू नका.

आणखी एक, याबद्दल कोणी विचारत नाही पण अपघात इथंच होतो. जुन्या इंग्लिश दुनाळीची काडतुसाची खोली (नळीत काडतूस बसतं ती जागा) बहुधा २½ इंच, म्हणजे ६५ मिमी. नळीच्या खालच्या सपाट अंगावर खुणा बघा. १९२५ नंतरच्या प्रूफ खुणांत (नळीची चाचणी झाल्याच्या शिक्क्यांत) खोलीची लांबी लिहिलेली सापडते. त्याआधीच्या बंदुकीवर पत्त्यातल्या चौकटीच्या आकारात १२ आणि सी असं असतं. ‘नायट्रो प्रूफ’ असे शब्द किंवा एनपी, बीएनपी अशी नायट्रोची खूण यांपैकी काहीच नसेल तर ती बंदूक काळ्या दारूसाठीच तपासलेली आहे, आजचं काडतूस तिच्यासाठी नाही. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी असेल तर ती पट्ट्या पिळून घडवलेली नळी आहे. आतून नीट तपासल्याशिवाय तिला हातही लावू नका.

गुंजी_शेत

सगळं बघितलं. नक्षी नाही, नायट्रो प्रूफ लिहिलंय, २½ स्पष्ट आहे. कागद मात्र सहज निघतो. नाद डाव्या नळीच्या टोकाला बद्द येतो. घरात ७० मिमी लिहिलेली काडतुसं आहेत आणि ती अगदी व्यवस्थित आत बसतात. मग ६५ ची खोली कशी?

जुना_आर्मरर

बसतात म्हणूनच लोक फसतात. डब्यावरची लांबी काडतुसाचं तोंड उलगडल्यानंतरची असते. भरलेलं, तोंड दुमडलेलं ७० चं काडतूस ६० मिमीच्या आसपास भरतं, म्हणून ६५ च्या खोलीत आरामात जातं. बार उडताना तोंड उलगडायला जागा हवी. ती न मिळाल्यानं ते पुढच्या निमुळत्या भागात शिरतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. तुमच्या ढिल्या बिजागराचं एक कारण हेच असू शकतं. ती काडतुसं या बंदुकीपासून वेगळी ठेवा.

आता बिजागर. यावर उपाय दोनच. पिन निघणारी असेल तर भोक गोल करून किंचित जाड पिन घडवायची. पिन बॉडीतच घडवलेली असेल तर हुकाच्या झिजलेल्या अंगात पोलादाचा तुकडा सांध्यानं बसवायचा. खरं कौशल्य पुढं लागतं. दिव्याची काजळी हुकावर धरायची, बंदूक बंद करायची, उघडायची. काजळी जिथं पुसून चकाकते तेवढीच जागा बारीक कानशीनं एक-दोन हात घासायची, पुन्हा काजळी, पुन्हा बंद. पूर्ण अंग सारखं टेकेपर्यंत हेच. एक हात जास्त पडला की काम पहिल्यापासून.

परवाना_माहिती

कायद्याचा भाग थोडक्यात, कारण चुकीची शिक्षा मोठी आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं, विकणं, बदलणं, तसंच दुरुस्त करणं आणि तपासणं या सगळ्याला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडल्यास किमान ७ वर्षांची शिक्षा आहे. वेल्डरला हे ठाऊक नसतं, त्याला अडकवू नका.

दुसऱ्यानं नेण्याबद्दल: कलम ३ मध्येच सोय आहे. लायसन्सधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती, तिच्याकडे स्वतःचं लायसन्स नसलं तरी, बंदूक दुरुस्तीसाठी किंवा लायसन्स नूतनीकरणासाठी नेऊ शकते. चुलत्यांच्या सहीचं पत्र करा: बंदुकीचा नंबर, लायसन्स नंबर, युआयएन (लायसन्सधारकाचा ओळख क्रमांक), कोणाकडे, कशासाठी, कोणत्या तारखेला. सोबत मूळ लायसन्स ठेवा. नळ्या आणि दस्ता वेगळे करून, काडतुसं न घेता न्या. दुरुस्त करणाऱ्याकडून पोच घ्या.

आपल्याकडचा खरा अडसर सीमेचा. बेळगावात कारागीर मिळाला नाही की नजर कोल्हापूरकडे जाते, निपाणीहून ते जवळही आहे. पण लायसन्सवर वैध प्रदेश लिहिलेला असतो. तिथं फक्त जिल्हा किंवा कर्नाटक असेल तर बंदूक घेऊन कोगनोळी नाका ओलांडायचा नाही. आधी डीसी ऑफिसच्या (जिल्हाधिकारी कार्यालयाच्या) शस्त्र शाखेत लेखी अर्ज करून परवानगी घ्या. परवानाधारक दुरुस्ती करणारे कोण, हेही तिथंच विचारा. शस्त्र विक्रेत्यांकडेही विचारा, पण विक्रीचा परवाना आहे म्हणजे दुरुस्तीचा आहेच असं नाही. कागद बघूनच बंदूक द्या.

पीकसंरक्षणाचं लायसन्स शिकारीची मुभा देत नाही. भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या गावांत याचा गैरसमज फार आहे. रानडुक्कर असो की गवा, वन्यजीव कायदा १९७२ लागूच राहतो.

उद्यमबाग_बेंच

शेवटचा प्रश्न राहिला, माणूस का मिळत नाही. याच जिल्ह्यात हत्तरगीला विमानांचे भाग बनतात, उद्यमबाग आणि मच्छेत हायड्रॉलिक्सचे भाग मायक्रॉनमध्ये निघतात. पण त्या कामाला ड्रॉइंग असतं आणि हजार नग एकसारखे असतात. जुन्या दुनाळीला ड्रॉइंग नाही. तिचा प्रत्येक भाग त्याच बंदुकीला हातानं बसवलेला, शेजारच्या बंदुकीचा चालत नाही. एका पिनेसाठी सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) सेटिंग करणं कोणाला परवडणार? आणि पिन मशीनवर निघाली तरी काजळीचं काम हातालाच करावं लागतं.

स्प्रिंगचंच बघा. व्हीच्या आकाराची मुख्य स्प्रिंग बाजारात मिळत नाही. स्प्रिंग स्टीलची पट्टी घासताना शेवटच्या कानशीचे ओरखडे लांबीच्याच दिशेनं राहायला हवेत. एक जरी आडवा राहिला तरी स्प्रिंग तिथंच तुटते. मग लालभडक करून तेलात बुडवून पाणी द्यायचं, म्हणजे कडक करायचं, आणि कडकपणा उतरवायला तेलात बुडवून ते तेल पेटून जळून जाईपर्यंत तापवायचं. पाणी देताना घाई झाली तर स्प्रिंग वाकते, उतरवणं कमी पडलं तर पहिल्याच घोड्याला मोडते. हे डोळ्यांनी रंग बघून शिकायचं काम आहे, व्हिडिओत रंग खरा दिसत नाही.

आयटीआयचा फिटर दोन वर्षांत कानस धरायला शिकतो, पण बाहेर पडला की ऑपरेटर म्हणून मशीनवर उभा राहतो आणि कानस सुटते. त्याला दोष देता येत नाही, पगार मशीनवर आहे. बंदुकीच्या कामात दुरुस्तीचा परवाना, सुरक्षित खोली, नोंदवह्या एवढं सांभाळून महिन्याला कामं मोजकीच येणार. त्यामुळे कारागिराचा मुलगाही या धंद्यात येत नाही. फाउंड्रीतल्या लाकडी पॅटर्नच्या (ओतकामाचा साचा ज्यावरून काढतात त्या नमुन्याच्या) सुतारांचं तेच झालंय. ओतीव लोखंड मीटरमागे सुमारे १० मिमी आकसतं हे धरून सागवानात पॅटर्न काढणारा हात आता शोधावा लागतो.

परवाना_माहिती

शिकणाऱ्यांसाठी एक भर. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत अस्त्रकार हा व्यवसाय आहे, लोहार आणि कुलूप बनवणारेही आहेत. मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचं, रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज. ही नोंदणी म्हणजे बंदूक दुरुस्तीचा परवाना नव्हे, तो वेगळाच काढावा लागतो. आणि ७ दिवसांत हात तयार होत नाही. ज्याला खरंच शिकायचंय त्यानं कुलपं आणि शिलाई मशीन यांवर घासणं, काजळीनं बसवणं आणि स्प्रिंग करणं पक्कं करावं. त्याला कुठलाच परवाना लागत नाही. मग परवानाधारक कारागिराकडे जावं.

जुना_आर्मरर

शोध होईपर्यंत बंदूक सांभाळायची कशी ते सांगतो, पावसाळा तोंडावर आहे. कातडी किंवा कापडी कव्हरात ठेवू नका, ओल धरतं. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात कव्हरातली नळी पंधरा दिवसांत लाल होते. कुलपाच्या लोखंडी कपाटात, नळ्यांचं तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरणार नाही. तेल शिलाई मशीनचं, फडक्यानं पुसट. खोबरेल वापरलं असेल तर आधी रॉकेलनं धुऊन काढा. ते २४ अंशांखाली गोठतं आणि जुनं झालं की चिकट होतं. तुमच्या डाव्या पिनेच्या भोकात तेच निघालं तर आश्चर्य नाही. स्क्रू मात्र स्वतः खोलू नका. जुन्या इंग्लिश स्क्रूची खाच कागदासारखी बारीक असते, बाजारचा निमुळत्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर त्यात टिकत नाही, घसरतो आणि खाच फुटते. पातं खाचेच्या मापाला दोन्ही बाजूंनी समांतर घासून घेतलेलंच लागतं. घोडे उतरवून ठेवा, पण रिकाम्या खोलीवर पाडू नका. आत लाकडी किंवा शिंगाचं नकली काडतूस घाला, मग चाप ओढा.

गुंजी_शेत

वेल्डर आणि ब्लॅकोडायझिंग दोन्हीला नाही सांगितलं. ७० ची काडतुसं बाजूला काढली. लायसन्सवर वैध प्रदेश ‘कर्नाटक’ एवढंच आहे, म्हणून सोमवारी चुलत्यांच्या सहीचा अर्ज घेऊन डीसी ऑफिसला जातोय. कोल्हापूर किंवा हुबळी-धारवाडकडे दुरुस्तीचा परवाना असलेला कोणी माहीत असेल तर इथं नाव न टाकता फक्त गाव सांगा, पुढची चौकशी मी करतो.