मदत हवी आहे: हायड्रोजनची ऊर्जा -१.११७ हार्ट्रीच्या (रेणूंच्या ऊर्जेचं एकक) खाली जातच नाही

अर्धा_क्यूबिट: सोमवारी गाईडना रिझल्ट दाखवायचाय. क्वांटम कॉम्प्युटरच्या पद्धतीने हायड्रोजनच्या रेणूची सगळ्यात कमी ऊर्जा काढतोय, ४ क्यूबिट (क्वांटम बिट). ५ बेसिसमध्ये (प्रत्येक क्यूबिट एक्स, वाय की झेड दिशेत मोजायचा याची निवड) मोजायचं असतं: एक सगळे झेड, बाकी चार एक्स-वायवाले. सममिती वापरली तर चारांतलं एकच मोजून उरलेल्या तिघांच्या किमती फुकट मिळतात, असं पेपरात आहे. तसंच केलं. ऊर्जा -१.११७ ला चिकटून बसलीय. का??

जुनं_खोड: दोन अणूंमधलं अंतर किती? न्यूक्लियसचं प्रतिकर्षण मिळवलंस का? आमच्या वेळी सगळे तिथेच आपटायचे.

अर्धा_क्यूबिट: ०.७३५ अँगस्ट्रॉम, अजून कुठलं? ०.७२ मिळवलंय हो काका, नाहीतर -१.८ दिसलं असतं.

शॅडोवाला: हे सोडा, क्लासिकल शॅडो वापरा, म्हणजे बेसिस रँडम निवडून मोजायचं. हुआंग, क्यूंग, प्रेस्किल यांचा २०२० चा पेपर. एकदा मोजा, मग हवं ते विचारा.

कोथरूडकरीण: ऊर्जेच्या सूत्रातल्या, चारही क्यूबिटांवर पसरलेल्या एका पदासाठी रँडम पाउली शॅडोचे (प्रत्येक क्यूबिटला एक्स, वाय, झेडपैकी एक रँडम) ८१ शॉट, म्हणजे मोजण्या, मारले की सरासरी एक कामाचा. इथे सममितीने २ बेसिसमध्ये काम भागतंय.

शॅडोवाला: मोठा रेणू घ्या, मग बोलू.

बारावीचा_बाप: पुण्यात क्वांटमचे चांगले क्लास कुठे आहेत? मुलासाठी.

कोथरूडकरीण: @अर्धा_क्यूबिट, -१.११७ ही हार्ट्री-फॉकची (इलेक्ट्रॉनांचा आपसातला ताळमेळ न धरता काढलेली ढोबळ) किंमत, ४ क्यूबिटांच्या या मॉडेलची नेमकी -१.१३७. म्हणजे तुझी एक्स-वायवाली चार पदं एकमेकांना खाऊन टाकतायत. चिन्हं कुठली लावलीस? क्यूबिटांचा क्रम काय?

अर्धा_क्यूबिट: पेपरातलीच, दोन अधिक दोन उणे, ओळीने चिकटवली. क्रम म्हणजे? सॉफ्टवेअर लायब्ररी देते तो.

कोथरूडकरीण: मग घोळ तिथेच. ती चिन्हं अप-डाउन-अप-डाउन (इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या दोन दिशा) अशा क्रमाची. काही लायब्रऱ्या आधी सगळे अप मांडतात, मग सगळे डाउन. हॅमिल्टोनियन (ऊर्जेचं सूत्र) छापून बघ. एक्स-एक्स-एक्स-एक्स असं पद आहे?

अर्धा_क्यूबिट: आहे.

कोथरूडकरीण: त्याला एक्स-एक्स-वाय-वायने गुण. उरतं शेवटच्या दोन क्यूबिटांवरचं उणे झेड-झेड. ते दोन क्यूबिट डाउनचे आणि डाउन इलेक्ट्रॉन एकच, म्हणून झेड-झेड -१, गुणाकार अधिक १. दोन्ही पदं सारखी. बाकीच्या दोघांचंही तेच, चारही एकाच चिन्हाची.

अर्धा_क्यूबिट: -१.१३७!!! तीन रात्री गेल्या यात. धन्यवाद ताई.

जुनं_खोड: साध्या कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर ना? खऱ्या मशीनवर नॉइजने डाउन इलेक्ट्रॉन दोन झाले की ही फुकटची पदं खोटी बोलायला लागतात. झेड बेसिसमध्ये तसे शॉट ओळखून टाकून देता येतात, तुझ्या एक्स-वायमध्ये ते दिसणारच नाहीत.

अर्धा_क्यूबिट: ते सोमवारनंतर, काका.