कार्यालयातील शिस्त घरात का टिकत नाही?

पाठपुरावा यांचा प्रश्न:

गेली अकरा वर्षे मी प्रकल्प नियोजनाचे काम करते. तीन-चार प्रकल्पांची वेळापत्रके एकाच वेळी सांभाळणे, कोणाचे काम कोणावाचून अडले आहे हे ओळखणे आणि मुदत हुकण्याआधी संबंधितांना सावध करणे हे माझे रोजचे काम आहे, आणि ते मला चांगले जमते. घरी मात्र गेल्या सहा महिन्यांत वाहनाच्या विम्याची मुदत कोणाच्या लक्षात न येता उलटून गेली, वडिलांची डोळ्यांची तपासणी दोनदा पुढे ढकलली गेली आणि मुलीचा एक महत्त्वाचा अर्ज आम्ही अखेरच्या रात्री कसाबसा भरला.

म्हणून मी घरासाठी एक्सेलमध्ये तक्ता तयार केला. त्यात काम, जबाबदार व्यक्ती, मुदत आणि सद्यःस्थिती असे रकाने होते, आणि दर रविवारी सकाळी अर्धा तास आढावा घ्यायचा असे ठरले. तीन आठवडे सुरळीत गेले. चौथ्या रविवारी मी नवऱ्याला "हे काम अजून प्रलंबित का आहे?" असे विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "दिवसभर लोकांना उत्तरे देऊन मी घरी येतो. इथे तरी हिशेब मागू नकोस." त्याचे बोलणे मला लागले, पण चुकीचे वाटले नाही. तेव्हापासून तक्ता बंद आहे आणि कामे पुन्हा निसटू लागली आहेत. कामावर कमावलेली कोणती कौशल्ये घरात खरोखर उपयोगी पडतात आणि कोणती उंबरठ्याबाहेरच ठेवावीत, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

रात्रपाळी यांचे उत्तर:

मी रुग्णालयात परिचारिका आहे. तुमच्या तक्त्यात "जबाबदार व्यक्ती" असा रकाना होता, पण ती जबाबदारी त्या व्यक्तीने कधी स्वीकारली होती का, हा माझा पहिला प्रश्न आहे. आमच्याकडे पाळी बदलताना रुग्णाची स्थिती, आतापर्यंत काय झाले, आता कशाची काळजी वाटते आणि पुढे काय करायचे आहे, हे सर्व येणाऱ्या परिचारिकेला सांगितले जाते. ऐकणारी व्यक्ती त्यातील महत्त्वाच्या गोष्टी स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगते, आणि त्यानंतरच तो रुग्ण तिचा होतो. मी घरी गेल्यावर त्या रुग्णाच्या औषधाची वेळ लक्षात ठेवणे हे माझे काम उरत नाही.

घरात आपण बहुधा काम देतो, पण त्याची आठवण ठेवण्याचा भार देत नाही. "सांग, म्हणजे करतो" या वाक्यात करण्याची तयारी असते, पण काम ओळखणे, वेळ पाहणे आणि आठवण करून देणे हे सारे सांगणाऱ्याकडेच राहते. आईच्या आजारपणात मी आणि माझा भाऊ याच कारणाने सतत एकमेकांवर चिडत होतो. शेवटी आम्ही कामे वाटण्याऐवजी विषय वाटले. डॉक्टरांच्या भेटी, अहवाल आणि त्यासंबंधीचे सर्व फोन पूर्णपणे त्याच्याकडे गेले, तर औषधे आणि त्यांचा साठा माझ्याकडे आला. पहिले काही दिवस त्याला विचारल्यावाचून राहणे मला फार जड गेले, हेही सांगायला हवे, कारण सोपवणाऱ्याला गप्प राहणे शिकावे लागते.

यादी करणार असाल तर ती लहान असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-यादी आणली, तिच्यात केवळ १९ बाबी आहेत आणि त्या तीन ठरावीक टप्प्यांवर मोठ्याने वाचल्या जातात. जे कुशल माणसाकडूनही घाईत निसटते, तेवढेच त्या यादीत आहे.

उत्पादन विभाग यांचे उत्तर:

तक्त्यात एकूण किती ओळी होत्या आणि आठवड्याला त्यांतली किती कामे पूर्ण होत होती, हे सांगू शकाल का? कारखान्यात आम्ही सर्वांत आधी हेच पाहतो. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम आहे : हाती असलेल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे काम संपण्याचा सरासरी वेग गुणिले एका कामाला लागणारा सरासरी काळ. तुमच्याकडे ३० कामे उघडी असतील आणि आठवड्याला ३ संपत असतील, तर एक काम सरासरी दहा आठवडे रेंगाळणारच, आणि त्यात कोणाच्या आळसाचा प्रश्न येत नाही. संपण्याचा वेग सहसा फारसा वाढवता येत नाही, कारण घरी हातात मोकळा वेळच थोडा असतो. त्यामुळे एका वेळी सुरू असलेली कामे कमी करणे हाच खरा उपाय उरतो. टोयोटाच्या कारखान्यांतून आलेल्या कानबान पद्धतीतही पुढच्या टप्प्याने मागणी केल्याखेरीज मागच्या टप्प्याने नवे काम तयार करायचे नसते. मी स्वतः घरची तीनच कामे एका वेळी हाती घेतो आणि बाकीची वेगळ्या कागदावर थांबवून ठेवतो.

दुसरे म्हणजे अंदाज. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी सुमारे ३४ दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले होते, पण प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. घरच्या कामाला किती वेळ लागेल हे मनाने ठरवू नका, मागच्या वेळी किती लागला होता ते आठवा.

पाठपुरावा यांचे उत्तर:

आत्ताच तक्ता उघडून मोजले. ४७ ओळी आहेत, आणि आठवड्याला जेमतेम चार कामे होत होती. एकूण ओळींतील किमान सहा कामे अशी आहेत की ती कोणालाच नको आहेत आणि मी ती केवळ पूर्णतेसाठी लिहिली होती. हे पाहून मला वाईट वाटले, कारण त्याच ४७ ओळींबद्दल मी नवऱ्याला जाब विचारत होते.

समन्वयक यांचे उत्तर:

वरील दोन्ही सूचना मला पटतात, तरी माझ्या मते मूळ अडचण वेगळी आहे. कामाच्या ठिकाणी जाब विचारण्याचा अधिकार पदातून येतो, त्याच्या मोबदल्यात वेतन मिळते आणि संध्याकाळी तो अधिकार संपतो. घरात असा कोणताही करार नसतो. मी वीस वर्षे माणसांकडून काम करून घेतले आणि त्याच स्वरात मुलाच्या अभ्यासाचा साप्ताहिक आढावा घेतला. वर्षभराने त्याने अडचणी माझ्यापासून लपवायला सुरुवात केली, आणि तो विश्वास परत मिळवायला मला त्याहून अधिक काळ लागला. म्हणून मोजमाप आणि सद्यःस्थितीचा रकाना घरात नकोच, असे मी ठामपणे म्हणेन.

एक सवय मात्र अवश्य घरी न्यावी. चूक झाल्यावर "कोणाची?" असे न विचारता "ती कशी निसटली?" असे विचारणे, आणि तेही सर्वांसमोर न विचारता, दोघे निवांत असताना. विम्याचे उदाहरण घ्या. मुदत संपण्याची सूचना कोणाकडे येते, हे तुम्ही पाहिले आहे का?

पाठपुरावा यांचे उत्तर:

आज पाहिले. ती सूचना माझ्या जुन्या मोबाईल क्रमांकावर जात होती, जो मी दोन वर्षांपूर्वी बंद केला. म्हणजे निष्काळजीपणा कोणाचाच नव्हता, आणि तरीही आम्ही त्यावरून दोनदा भांडलो होतो.

काल रात्री मी नवऱ्याला तक्ता न दाखवता एवढेच विचारले की, कोणता विषय तू संपूर्णपणे घेशील, म्हणजे मी त्याचा विचारही करणार नाही. त्याने वाहन आणि वडिलांच्या वैद्यकीय भेटी घेतल्या. मग त्याने स्वतःहून विचारले की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मागच्या वेळी काय सांगितले होते, आणि मी सांगितलेले त्याने वहीत लिहून मला वाचून दाखवले. रविवारची बैठक आम्ही बंद केली आहे. नवा क्रमांक त्याने विमा कंपनीकडे नोंदवला आहे आणि तो त्याचाच आहे.