डिऑरचं नवं पाण्यातलं सोवाज: जुन्या ओ सोवाजची सर येते का?

रुमालाचा_कोपरा

मागच्या रविवारी मॉलमध्ये बायकोची खरेदी चालली होती तेवढ्यात मी डिऑरचं सोवाज ओ फोर्त मनगटावर मारून घेतलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, हे 2024 साली आलंय, फ्रान्सिस कुर्कजियानचं काम आहे, 2021 पासून तोच डिऑरचे सुगंध बघतो. यात अल्कोहोल नाही, पाण्यात बनवलंय, म्हणून बाटलीत दुधट पांढरं दिसतं. नावांचा घोळ होतो म्हणून आधीच सांगतो, नुसतं 'सोवाज' 2015 चं आणि 'ओ सोवाज' 1966 चं. नावं सख्ख्या भावांची, वास मात्र एकमेकांच्या ओळखीचेसुद्धा नाहीत.

माझे धाकटे काका मर्चंट नेव्हीत होते. सुट्टीवर रत्नागिरीला आले की बॅगेत ओ सोवाजची बाटली असायचीच, पण ते अंगाला कधी लावत नसत, इस्त्रीच्या रुमालाची घडी करून एका कोपऱ्याला दोन थेंब, बस. सकाळी त्यांच्याजवळ गेलं की लिंबाची साल नखाने खरवडल्यासारखा वास, त्यात चुरगळलेल्या तुळशीसारखं काहीतरी, दुपारी जेवायला बसेपर्यंत लिंबू गेलेलं आणि तिथे फुलासारखा पण कुठलं फूल ते सांगता येऊ नये असा वास, आणि संध्याकाळी तोच रुमाल धुवायला टाकताना आजी नाकाला लावायची आणि म्हणायची, पावसात भिजलेल्या झाडाच्या सालीसारखा येतोय रे. एका रुमालात दिवसभराचे तीन वास.

ओ फोर्त वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. स्वच्छ आहे, थंड आहे, लॅव्हेंडर आहे, मसाले आहेत, मागे पांढरा मस्क, म्हणजे कस्तुरीसारखा स्वच्छ वास. पण मला त्यात वेळ जाताना जाणवली नाही. हल्लीचे वास लांबच्या माणसाला कळावेत म्हणून बनतात, जवळ बसलेल्यासाठी नाही, असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

नवी_पेठ_२६

काका, राग मानू नका, पण तुम्हाला ओ सोवाज आवडत नाही, तुम्हाला तुमचे काका आवडतात. आणि त्यात गैर काहीच नाही, फक्त ते माप नव्या पर्फ्यूमला लावलंत तर जगातलं कुठलंच नवीन पर्फ्यूम कधी पास होणार नाही कारण त्याच्यामागे कुणाचे काका नाहीत, आजी नाही आणि रत्नागिरी पण नाही.

माझा भाऊ सव्वीस वर्षांचा आहे, त्याची त्वचा इतकी नाजूक आहे की दाढी केल्यावर अल्कोहोलवालं काहीही लावलं तर मान लालबुंद होते. त्याने आयुष्यात अंगाला पर्फ्यूम लावलंच नव्हतं, शर्टावर मारायचा आणि डाग पडायचे. ओ फोर्तचं सॅम्पल मिळालं तेव्हा पहिल्यांदा त्याने थेट मानेला लावलं आणि दिवसभर चार वेळा मला विचारलं, येतोय का गं वास. तुमच्यासाठी अल्कोहोल नसणं ही जाहिरातीतली एक ओळ असेल, त्याच्यासाठी ते दार उघडणं आहे. शिवाय वेळ जाताना जाणवली पाहिजे ही अट कुणी घातली? सकाळी नऊच्या मीटिंगला जो वास घेऊन गेले तोच सहा वाजता माझ्यासोबत असावा असं मला वाटत असेल तर ती पण आवडच आहे ना.

प्रयोगशाळेतली_ताई

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट गृहीत आहे, की जुनं म्हणजे नैसर्गिक आणि नवं म्हणजे केमिकल. काका, तुम्ही तसं थेट म्हणाला नाहीत पण लिंबू, तुळस, झाडाची साल या शब्दांतून ते येतंच, म्हणून सांगते.

दुपारचा जो फुलाचा वास तुम्हाला ओळखता आला नाही ना, त्याला नाव आहे, हेडिऑन. फिरमेनिश कंपनीत चमेलीच्या अर्काचा अभ्यास चालू असताना त्यातल्या एका रेणूत थोडा बदल करून तो बनवला, नाव ग्रीक भाषेतल्या आनंद या अर्थाच्या शब्दावरून. फूल ओळखू येत नाही कारण तो चमेलीचा जडपणा काढून टाकल्यासारखा आहे, नुसती हवा आणि उजेड उरतो. ओ सोवाज बनवणाऱ्या एडमंड रुडनित्स्काने 1966 मध्ये हा ताजा ताजा रेणू पुरुषांच्या कोलनमध्ये, म्हणजे लिंबाच्या वासाच्या हलक्या सुगंधी पाण्यात, घातला. म्हणजे ज्याला आपण आज क्लासिक म्हणतोय ते त्या वर्षी एक मोठं आणि 'कृत्रिम' धाडस होतं. त्या वेळीही कुणीतरी म्हणालं असेलच की आमच्या वेळच्या कोलनची सर नाही.

आणि आजीचं नाक मात्र अगदी बरोबर होतं. संध्याकाळी जे उरायचं ते मुख्यतः ओकमॉस आणि वाळा. ओकमॉस म्हणजे ओकच्या झाडावर वाढणारं दगडफूल समजा, आपल्या गोडा मसाल्यातलं दगडफूल पण त्याच जातकुळीतलं, शैवाल आणि बुरशी मिळून झालेलं. भिजलेल्या सालीचा वास तिथून. आता वाईट बातमी. ओकमॉसमधल्या अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉलमुळे काही लोकांना त्वचेची अ‍ॅलर्जी होते, म्हणून युरोपियन युनियनने ते असलेल्या नव्या मालावर ऑगस्ट 2019 पासून बंदी घातली आणि दुकानातला जुना माल ऑगस्ट 2021 पर्यंत काढायला लावला. हे दोन घटक काढून टाकलेलं ओकमॉस चालतं, पण अनेक जुन्या पर्फ्यूम कंपन्यांना आपले फॉर्म्युले हलवावे लागले. त्यामुळे आज काउंटरवर ओ सोवाज मागितलंत तरी काकांचा रुमाल मिळेलच असं नाही. नव्याशी भांडताय ते खरं तर एका आठवणीच्या बाजूने.

अत्तरफाया_मिरज

अल्कोहोल नाही म्हणजे काहीतरी नवलच केलं असं जे चाललंय ते वाचून राहवलं नाही. अहो आपल्याकडे अत्तर मुळातच बिनअल्कोहोलचं. कन्नौजला आजही तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालून वर चिखलाने तोंड लिंपून खाली लाकूड-गोवऱ्यांची आच देतात, बांबूच्या चोंग्यातून, म्हणजे नळीतून, वाफ भपक्यात, म्हणजे ती गार होते त्या भांड्यात, उतरते आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं, ते तो वास पिऊन घेतं. दुसऱ्या दिवशी नवीन फुलं, परत तेच. यंत्र नाही, काटा नाही, कारागीर भपक्याला हात लावून सांगतो आता गार करा.

आमच्या घरात कापसाचा फाया करून कानाच्या वरच्या खोबणीत ठेवायची पद्धत, उन्हाळ्यात खस, थंडीत हिना. ऋतू बदलला की अत्तर बदलायचं, जसं आपण जेवण बदलतो. बारा महिने एकच बाटली हे मला पटत नाही, मग ती 1966 ची असो नाहीतर 2024 ची.

प्रयोगशाळेतली_ताई

भाऊ, अत्तराबद्दल पूर्ण आदर आहे, पण दोन्ही गोष्टी एक नाहीत. अत्तरात वास तेलात असतो, आणि सुगंधी द्रव्यं तेलात सहज विरघळतात. पाण्यात ती विरघळत नाहीत, हीच तर अडचण. तेल आणि पाणी जबरदस्त दाबाखाली एकत्र करून थेंब इतके बारीक करायचे की ते वेगळे होऊन तरंगणार नाहीत, हे काम सोपं नाही. तो दुधट रंग म्हणजे तेच बारीक थेंब उजेड पसरवतायत, दुधात होतं तसंच. अल्कोहोलचं काम असतं पटकन उडून जाताना लिंबू किंवा बर्गमॉट (लिंबाच्याच जातीचं फळ) यांसारखे हलके वास सोबत घेऊन नाकापर्यंत पोचवणं. ते काढलं की सुरुवातीचा तो झटका कमी होतो. काकांना वेळ जाताना जाणवली नाही त्याचं निम्मं कारण मला इथे दिसतं. ही उणीव मानायची की वेगळा स्वभाव, तो प्रश्न आवडीचा.

आणि हेही बोललं पाहिजे, बाजारातल्या स्वस्त अत्तरांत चंदनतेल परवडत नाही म्हणून लिक्विड पॅराफिन असतं. बिनअल्कोहोल म्हणजे शुद्धच असं समजू नये.

अत्तरफाया_मिरज

पॅराफिनचं खरं आहे, नाकारत नाही. त्याच दुखण्याने खरं अत्तर ओळखणारी माणसं कमी झाली. तळहाताच्या मागे लावून चोळलं आणि नुसतं चिकट राहिलं की आमचे आजोबा दुकानदाराला बाटली परत करायचे, एक शब्द न बोलता.

शारजाकर

मी गेली एकोणीस वर्षं इकडे आहे आणि काकांच्या त्या 'लांबच्या माणसाला कळावं म्हणून' या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. इकडे पाहुणा निघायच्या वेळी त्याच्यापुढे बखूरचं, म्हणजे सुगंधी लाकडाच्या धुपाचं, धुपाटणं फिरवतात, तो धूर आपल्या कपड्यांत घेतो आणि घरी जातो. वास लांबून येणं हा इथे उद्धटपणा नाही, पाहुणचार आहे. ऑफिसमधला माझा एक सहकारी आधी उदाचं (अगरूच्या लाकडाचं) तेल लावतो, त्यावर 2015 चं सोवाज मारतो, लिफ्टमधून उतरला तरी तो लिफ्टमध्येच असतो, आणि कुणालाही त्याचं वावगं वाटत नाही.

शिवाय हवामान धरा. पॅरिसच्या थंडीत जे कोलन दुपारपर्यंत टिकतं ते पंचेचाळीस डिग्रीत पार्किंगपासून दारापर्यंत पोचताना संपतं. 2015 च्या सोवाजमध्ये अ‍ॅम्ब्रॉक्सन भरपूर आहे, व्हेलपासून मिळणाऱ्या अंबरचा जो वास तो क्लॅरी सेज नावाच्या वनस्पतीतल्या घटकापासून बनवता येतो, व्हेलला हात लावावा लागत नाही. ते उन्हाला पुरून उरतं. ज्यांना ऊन सोसायचंय त्यांनी मोठा वास लावला तर त्यांना लोकांना त्रास देणारे म्हणू नये. ओ फोर्त मात्र मला यात कमी पडेल असं वाटतं, ते जवळचंच आहे, म्हणजे काका, तुम्ही ज्याच्यावर टीका करताय ते खरं तर तुमच्याच बाजूचं निघालं.

सुरंगी

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, येतात, कळ्या उमलायच्या आत पहाटे काढायच्या, ओवायच्या, उन्हं चढेपर्यंत बाजारात. तो मोसम दोनच महिन्यांचा, मग वर्षभर वाट बघायची, म्हणून तर त्या दोन महिन्यांकडे आम्ही डोळे लावून बसतो. बकुळीचं उलटं, वाळली तरी पुस्तकात वर्षभर वास देते. दोन्ही फुलं माझीच, दोन्हींवर जीव.

मला सांगायचंय ते एवढंच की 'किती तास टिकतं' हा प्रश्न आता सगळ्यात आधी विचारला जातो, जशी काय आपण चप्पल घेतोय. शारजाकर दादा, तुमच्या हवेत तो प्रश्न लागत असेल, मान्य. पण मुंबईत विरार लोकलच्या डब्यात सकाळी आठ वाजता सात जणींचे सात टिकाऊ वास एकत्र आले की माझं डोकं दुखतं, खरंच दुखतं, मायग्रेन आहे मला. त्या डब्यात कुणी रुमालाच्या कोपऱ्याला दोन थेंब लावून आलं असतं तर मी तिच्या शेजारी आनंदाने उभी राहिले असते. मी काकांच्या बाजूने.

रुमालाचा_कोपरा

सगळ्यांचं नीट वाचलं, दोनदा वाचलं. ताई, हेडिऑनचं मला माहीत नव्हतं आणि ते वाचून बरं वाटलं, कारण इतकी वर्षं मी ते फूल शोधत होतो, सोनचाफा म्हणून बघितला, जाई-जुई हुंगून झाली. कृत्रिम असल्याने माझं प्रेम कमी झालेलं नाही. म्हणजे माझा मुद्दा नैसर्गिक-कृत्रिम हा नाहीच, हे मला आता कळतंय. शारजाकर, ओ फोर्त जवळचं आहे हे तुमचं बरोबर, 'लांबच्या माणसासाठी' हे मी 2015 च्या सोवाजचा राग या नव्यावर काढला, ते वाक्य मागे घेतो.

पण वेळेचं मागे घेत नाही. रुडनित्स्काने लिंबू, मग हवा, मग दगडफूल आणि वाळा असा क्रम लावला होता, एक गेल्याशिवाय दुसरं पुढे येत नाही. ते रचणाऱ्याने माझ्या दिवसाचा विचार केलाय असं मला वाटतं. नवी पेठ, तुला सकाळचाच वास संध्याकाळी हवा, ठीक आहे, पण सकाळची तू संध्याकाळी तीच असतेस का?

नवी_पेठ_२६

नसते काका, आणि म्हणूनच एक गोष्ट तरी तीच राहावी असं वाटतं. हे मी खूप विचार करून लिहितेय.

तुमच्यामुळे काल मुद्दाम काउंटरवर जाऊन दोन्ही कागदाच्या पट्ट्यांवर घेतली, आत्ताचं ओ सोवाज आणि ओ फोर्त, पट्ट्यांच्या मागे पेनाने खूण करून घरी आणली आणि काही न सांगता बाबांना दिली. ओ फोर्त हुंगून म्हणाले, नुकतीच इस्त्री केलेल्या शर्टाचा वास, छान आहे. दुसरी पट्टी नाकाला लावली आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, हे युडीकोलन. लहानपणी टायफॉइड झाला होता तेव्हा आई युडीकोलन घातलेल्या पाण्यात पट्ट्या बुडवून रात्रभर कपाळावर ठेवायची. ती पट्टी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली, अजून तिथेच आहे.

मी ओ फोर्तच घेणार आहे, भावाला आणि मला मिळून एक, पाच आकड्यांतली किंमत आहे त्यामुळे अर्धे अर्धे. पण बाबांच्या वाढदिवसाला काय आणायचं ते ठरलं. ताई, आत्ताच्या ओ सोवाजमध्ये दगडफूल कमी झालं असेल तरी ते लिंबू तर तेच आहे ना?

प्रयोगशाळेतली_ताई

लिंबू आहे. ताजी बाटली घे, उन्हात ठेवलेली शोकेसमधली नको, लिंबूच सगळ्यात आधी खराब होतं. आणि घरी आणल्यावर कपाटात ठेवायला सांग, बाथरूममध्ये नको.

रुमालाचा_कोपरा

आणि एक सुती रुमाल दे सोबत. पांढरा.