बग ट्रॅकरमधले वर्ग आपल्या सोयीने बदलावेत का?

निळीशाई
आमच्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या बग ट्रॅकरवर, म्हणजे दोष आणि सूचना नोंदवायच्या यादीत, येणाऱ्या इश्यूंची (नोंदींची) वर्गवारी बदलायचा प्रस्ताव मी मांडला आहे. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर नवी रिपॉझिटरी (प्रकल्पाची जागा) उघडली की नऊ लेबलं आयती मिळतात: बग, डॉक्युमेंटेशन, डुप्लिकेट वगैरे. ती पुरत नाहीत. इन्स्टॉलर अडकला, जोडाक्षर तुटलं, सेव्ह केलेली फाइल रिकामी झाली, सगळ्यावर शिक्का एकच: 'बग'. फॉन्टचं काम करणाऱ्याने आपले इश्यू शोधायचे कसे? प्रकल्पाच्या भागांनुसार वर्ग हवेत. रेडमाइन या ट्रॅकरमध्ये तर वर्गाला माणूस नेमून ठेवता येतो; नवा इश्यू कुणाच्या नावावर नसेल तर आपोआप त्याच्याकडे जातो.

पायवाट
साफ असहमत. इश्यू नोंदवणाऱ्याला कोडचे भाग काय ठाऊक? लांबलचक यादी दिसली की तो 'इतर' निवडतो, नाहीतर फॉर्म अर्धवट टाकून जातो. बगझिला या ट्रॅकरमध्ये आधी प्रॉडक्ट, मग कंपोनंट (त्याचा भाग) निवडताना नवखा तिथेच गळतो. शिवाय नेमलेला माणूस प्रकल्प सोडून गेला, तर इश्यू त्याच्याच नावावर साचत राहतात. मुक्त प्रकल्पांत हे सर्रास होतं.

निळीशाई
वर्ग नोंदवणाऱ्याने निवडावा असं मी म्हटलेलंच नाही. छाननी करणाऱ्याने लावावा. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात लेबलांना उपसर्ग असतात: 'ए-' म्हणजे कोडचा भाग, 'सी-' म्हणजे इश्यूचा प्रकार, 'पी-' म्हणजे प्राधान्य. नाव वाचताच लेबल कशाबद्दल आहे ते कळतं.

उंबरठा
रस्टकडे छाननीला माणसं आहेत हो! लहान प्रकल्पात जो कोड लिहितो तोच छाननी करतो, तीही रात्री उशिरा. माझा आग्रह वेगळा आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीत बगच्या तीव्रतेच्या पायऱ्या सातच. पण क्रिटिकल, ग्रेव्ह किंवा सीरियस यांपैकी एक लागली, की ते पॅकेज (प्रणालीतलं ते सॉफ्टवेअर) स्थिर आवृत्तीत जाण्याजोगं धरत नाहीत. शिक्क्यामागे परिणाम आहे, म्हणून लोक तो जपून लावतात. जे लेबल लावून पुढे काहीच घडत नाही, ते ठेवूच नका.

निळीशाई
ही कसोटी मान्य. मग 'डेटा नष्ट' हा वर्ग हवाच: तो लागला की पुढची आवृत्ती थांबवायची. पण 'फॉन्ट' हे लेबलही मी सोडणार नाही. नवा स्वयंसेवक आला की त्याला तीच यादी उघडून देता येते. हाही परिणामच आहे.

पायवाट
'डेटा नष्ट'ला माझा पूर्ण पाठिंबा. 'फॉन्ट'चं म्हणाल, तर ती यादी ताजी कोण ठेवणार हे आधी ठरवा. बंद न केलेले, केव्हाच दुरुस्त झालेले इश्यू नव्या माणसाच्या हाती दिलेत, तर तो पुन्हा येणार नाही.