बँकांचा संबंध आहेच
काही जण म्हणतात की मानवी तस्करी रोखणं पोलिसांचं काम, बँका काय करणार. अहो पण हा धंदा पैशासाठीच चालतो ना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या (आयएलओ) २०२४ च्या अंदाजानुसार सक्तीच्या मजुरीतून वर्षाला २३६ अब्ज डॉलर बेकायदा नफा होतो आणि त्यातला बराचसा कुठल्यातरी खात्यांतून फिरतोच. पाच-सहा जणांच्या खात्यांना एकच मोबाइल नंबर, पगार जमा झाला की सगळा एकच माणूस काढतो, हे बँकेच्या सिस्टीमला दिसू शकतं. कॅनडात २०१६ पासून प्रोजेक्ट प्रोटेक्टमधे बँका आणि तपासयंत्रणा मिळून असे व्यवहार शोधतायत.
मला जास्त काळजी तस्करीतून सुटून आलेल्यांची वाटते, कागदपत्रं दलालाने काढून घेतलेली, नावावर भलतंच कर्ज, मग साधं खातंही उघडत नाही आणि पगार परत दुसऱ्याच्याच हातात. त्यांच्यासाठी बँकांनी ओळखपत्राच्या अटी सैल करायलाच हव्यात.