उत्तराधुनिकता आणि ख्रिस्ती विश्वास: पेच नेमका कुठे?

प्रश्न: फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारने १९७९ मध्ये उत्तराधुनिकता म्हणजे महाकथनांवरचा (सगळ्या इतिहासाला एकच अर्थ देणाऱ्या मोठ्या कथांवरचा) अविश्वास, असं म्हटलं. मग उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतची बायबलची कथाही बादच ना? तरुणांच्या गटात बोलायचंय, मदत करा.

उत्तर १: बादच! योहान १४:६ वाचा: मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे, असं येशू म्हणतो. ‘तुझं सत्य तुला, माझं मला’ याला तिथे जागा नाही.

उत्तर २: इतकी घाई नको. ल्योतारचा रोख बुद्धीच्या जोरावर स्वतःला सिद्ध समजणाऱ्या कथनांवर होता: युरोपातलं बुद्धिवादी प्रबोधन, हेगेल, मार्क्स. सुवार्ता (येशूविषयीचा शुभसंदेश) तर्काने सिद्ध करत नाहीत, तिची साक्ष देतात. आपलं ज्ञान अपुरं, हे पौलानेही मान्य केलंय (१ करिंथ १३:१२). मला खटकते ती पुढची उडी: ज्ञान अपुरं, म्हणून सत्यच नाही!

प्रश्नकर्ती: म्हणजे येशूची चौकशी करणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताचा ‘सत्य काय आहे?’ हा प्रश्न इथे बसतो?

उत्तर २: बरेच जण बसवतात. पण तो उत्तराला थांबलाच नाही. उत्तराधुनिकांत गणला जाणारा फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदा निदान मजकूर बारकाईने वाचायचा तरी.