नाताळच्या फळवाटपापुढे काय? सेवेतून पाचारण कळतं का?

तापीकाठचा_तरुणसंघ

सर्वांना जय ख्रिस्त. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीचा (चर्चचा) आमचा तरुण संघ आहे, १४ जण. निम्मे नोकरीवाले, बाकीचे कॉलेजात. दर नाताळला सिव्हिलमध्ये फळं वाटतो. एकदा जानेवारी उजाडला की वर्षभर काही नाही. बैठकीत मात्र एकच विषय निघतो: देवाने मला कशासाठी घडवलं, माझं पाचारण काय? काही जण म्हणतात, आधी उपास-प्रार्थना करून पाचारण ओळखा, मग कामाला लागा. काही म्हणतात, कामाला लागा, आपोआप कळेल. शास्त्राप्रमाणे कोणतं बरोबर? महिन्याला ३-४ हजार रुपये जमतात आणि वेळ म्हणाल तर शनिवार-रविवार. एवढ्यात नेमकं काय करता येईल? "गरिबांची सेवा करा" एवढंच उत्तर नको, ते रोज ऐकतो.

गिरणाकाठ

भाऊ, यशया ५८ उघडा. तो अध्याय उपासाबद्दलच आहे, त्यामुळे तुमच्या वादाला थेट लागू पडतो. १० व्या वचनात भुकेल्यासाठी जीव ओतायला सांगितलंय आणि ११ व्यात देव सतत वाट दाखवील असं वचन आहे. क्रम नीट पाहा. वाट दाखवण्याचं वचन भुकेल्याच्या दारात जाणाऱ्याला दिलंय. म्हणून उपास सोडू नका, पण पाचारण कळेपर्यंत काम थांबवूही नका.

दुसरं, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (लूक १०, लुटारूंनी जखमी केलेल्याला वाटेत मदत करणारा परका माणूस) आपण इतकी ऐकलीय की त्यातले तपशील निसटतात. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, म्हणजे जवळ होतं ते वापरलं. जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवलं. उतारशाळेत (धर्मशाळेत) आणून रात्रभर जवळ राहिला. सकाळी तिथल्या मालकाला दोन दीनार दिले. मत्तय २० मध्ये मळ्यातल्या मजुराचा दिवसाचा रोज एक दीनार ठरलाय, त्या हिशेबाने ही दोन दिवसांची मजुरी झाली. फार मोठी रक्कम नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, परत येईन आणि वर खर्च झाला तर देईन असं सांगून गेला.

तुमच्या फळवाटपात नेमकं हे परत येणंच नाही. केळी देऊन निघालं की त्या माणसाचं नाव, गाव, दुखणं काहीच आपल्याजवळ राहत नाही. मग समाधान तरी कशातून मिळणार?

तो स्वतः वैद्य झाला नाही, उतारशाळाही बांधली नाही. होती त्या सोयीपर्यंत माणूस पोहोचवला आणि पाठपुरावा स्वतःकडे ठेवला. आपल्या भागात उतारशाळा म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, सिव्हिल, नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल. यांच्याबरोबर चला, वेगळा फलक लावू नका.

परिचारिका_धुळे

पैसे आणि माणसं पाहता एक ठोस काम सुचवते: क्षयरोग्याच्या घरची सोबत. उपचार साधारण ६ महिन्यांचा असतो, त्यामुळे आपल्यालाही ६ महिने टिकावंच लागतं.

सरकारची निक्षय मित्र योजना २०२२ पासून आहे. व्यक्ती किंवा संस्था नाव नोंदवून रुग्णाला पोषण आहार देऊ शकते. आधी तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकांना भेटा. रुग्णाची संमती त्यांच्यामार्फतच घ्या, गावात विचारत फिरू नका. टीबी आहे हे कळलं की अजूनही मुलीचं लग्न मोडतं, विहिरीवर बायका बाजूला होतात. म्हणून दारात गाडी उभी करून पिशव्या उतरवायच्या नाहीत आणि संघाचं नाव छापलेला टी-शर्ट घालून तर मुळीच जायचं नाही.

एका प्रौढ रुग्णाला महिन्याला धान्य ३ किलो, डाळ दीड किलो, तेल पाव किलो आणि शेंगदाणे किंवा दूध पावडर १ किलो. जमलं तर वर ३० अंडी. अंड्यांसकट साधारण ७००-८०० रुपये धरा. म्हणजे तुमच्या पैशात तीन घरं होतात आणि जाण्यायेण्याचं भाडंही सुटतं. चौथं घर घेऊ नका. धान्य ज्वारीच द्या, घरी जे रांधतात तेच पोटात जातं. ओट्स, प्रोटीन पावडर असलं काही आणलं की फळीवर पडून राहतं. आणि हिशेबात घरातली मुलं धरा. आई स्वतःचं अंडं पोराच्या ताटात टाकणार हे ठरलेलं आहे. पोरांसाठी थोडे शेंगदाणे जास्तीचे नेले तर तिचा वाटा तिला मिळतो.

पण पिशवी हे निम्मंच काम. उपचार अर्धवट सुटतो तो बहुतेक या कारणांनी:

पहिले दोन महिने झाले की खोकला थांबतो, ताप जातो, वजन वाढतं. माणसाला वाटतं आपण बरे झालो आणि गोळ्या बंद होतात. जंतू मात्र शिल्लक असतात, आणि पुढे औषधाला दाद न देणारा टीबी होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे तुमची खरी गरज तिसऱ्या महिन्यापासून पुढे आहे. नेमका तेव्हाच संघाचा उत्साह ओसरलेला असतो.

लघवी लाल-केशरी होते. हे रिफाम्पिसिनमुळे होतं, रक्त नसतं. हे कुणी आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून गोळ्या फेकतो. पहिल्याच भेटीत सांगा.

मळमळ, जेवण नको वाटणं चालू राहिलं किंवा डोळे पिवळे दिसले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे. यकृताला त्रास होत असू शकतो. घरात मोहाची दारू चालत असेल तर हा धोका वाढतो. दारूवर तिथे प्रवचन देऊ नका, डॉक्टरांना कळवा.

रुग्णाला सरकारकडून महिन्याला १००० रुपये खात्यात मिळतात (नोव्हेंबर २०२४ आधी ५०० होते). बऱ्याचदा ते अडकतात, कारण खातं बंद पडलेलं असतं किंवा आधार जोडलेलं नसतं. तुमच्यातल्या नोकरीवाल्या मुलांना हे काम छान जमेल. बँकेच्या रांगेत सोबत उभं राहणं ही पिशवीपेक्षा मोठी मदत आहे.

भेट अंगणात, ओट्यावर घ्या, बंद खोलीत नको. दर महिन्याला वजन लिहा. वाढत नसेल तर आशाताईंना सांगा.

तापीकाठचा_तरुणसंघ

ताई, खूप उपयोगी माहिती. दोन शंका. घरी गेल्यावर प्रार्थना करावी की नाही? काही जण म्हणतात साक्ष दिली नाही, म्हणजे येशूबद्दल सांगितलं नाही, तर ती ख्रिस्ती सेवा कसली. आणि १४ पैकी काहींना घरी जाऊन बोलायला जमत नाही, त्यांनी काय करावं?

खजिनदार_अमळनेर

प्रार्थनेचं मी सांगतो. कुणी आपण होऊन मागितली तर करा, थोडक्यात आणि त्यांच्या भाषेत. मागितली नाही तर घरी येऊन त्यांचं नाव घेऊन करा. पिशवी आणि उपासनेला येणं यांची कधीही गाठ घालू नका, तोंडी नाही, आडूनही नाही. भुकेल्या माणसाला आपल्या पिशवीपुढे "नाही" म्हणता येत नाही, त्यामुळे त्याचा "हो" त्याचा राहत नाही. कायद्याची अडचण आहेच, पण ती नसती तरी हे चूकच ठरलं असतं. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले (लूक १७), परत आला एकच. बाकी नऊ जणांचा कुष्ठरोग परत आला असं कुठे लिहिलेलं नाही.

पैशाचा हिशेब मंडळीच्या दानपेटीपासून वेगळ्या वहीत ठेवा. दर खर्चावर दोन सह्या, दर महिन्याला वही उपासनेनंतर टेबलावर उघडी. रुग्णाचं नाव वहीत नको, "घर १, घर २" लिहा. परदेशातून कुणी संघाला पैसे पाठवतो म्हणाला तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेऊ नका. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये वाटपात विधवांची उपेक्षा होते अशी कुरकूर झाली, तेव्हा त्या कामासाठी सात माणसं निवडली गेली. निकष काय होते? चांगलं नाव, आत्म्याने भरलेले, शहाणपण. ताटं वाढण्यासाठी! हिशेब आणि वाटप ही दुय्यम कामं नाहीत, त्यामुळे "मला बोलता येत नाही" म्हणणाऱ्याला वही द्या. एखाद्याचं पाचारण तिथेच असेल.

परिचारिका_धुळे

ज्यांना घरी जायला जमत नाही त्यांच्यासाठी आणखी एक: रक्तदात्यांची यादी. आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, अशा काही रुग्णांना रक्त लागतं, आणि उन्हाळ्यात रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ असावं. पुरुषांना ९० दिवसांनी, बायकांना १२० दिवसांनी पुन्हा देता येतं. मंडळीतल्या दात्यांचे चार गट पाडा, दर महिन्याला एकच गट. सगळ्यांनी नाताळलाच दिलं तर मे महिन्यात एकही बाटली मिळत नाही. आधी रक्तपेढीला फोन करून त्या महिन्यात कोणते रक्तगट कमी आहेत ते विचारा.

शिरपूरवाला

एक सावधगिरी. शोमरोन्याच्या गोष्टीला लागूनच मार्था-मरियेचा प्रसंग येतो. मार्थेची सेवा खरीच होती, पण तिची नजर येशूचं ऐकत बसलेल्या बहिणीवर गेली: ती का मदत करत नाही? संघात हे हमखास होतं. जाणारे न जाणाऱ्यांचा हिशेब ठेवू लागतात. इफिसकरांस २:८-१० एकत्र वाचा. तारण कृपेने, कर्मांनी नाही, आणि तरी आपण सत्कर्मांसाठी निर्माण केलेले. उद्देश "मिळवण्यासाठी" रुग्णाच्या घरी जात असाल तर तो रुग्ण तुमचं साधन होतो, आणि ते त्याला कळतं.

गिरणाकाठ

शिरपूरवाले दादांशी सहमत. मत्तय २५ मधले नीतिमान न्यायाच्या वेळी राजालाच विचारतात की आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिलं. आपण काय केलं याची नोंदही त्यांच्याजवळ नव्हती.

पंडिता रमाबाईंकडेही पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली केडगावला आणल्या, पण अन्न देऊन थांबल्या नाहीत. शिक्षण दिलं, विणकाम, छपाई शिकवली. दोन वेळचं जेवण ही त्यांच्या लेखी सुरुवात होती.

तापीकाठचा_तरुणसंघ

ठरलं, तीन घरं. शेवटचं विचारतो. अक्कलकुवा-धडगावकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. मध्येच रुग्ण गेला तर?

परिचारिका_धुळे

हीच सर्वांत मोठी गळती. दसऱ्यालाच घरी विचारून ठेवा: कुठे जाणार, मुकादम कोण, कधी निघणार. जाण्याआधी तीन गोष्टी करा. पर्यवेक्षकांना सांगून निक्षयवर (क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर) नाव तिकडच्या केंद्राकडे वर्ग करायला लावा, नोंदणी क्रमांक तोच चालतो. तिकडे नोंद होईपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या बरोबर मागून घ्या. नोंदणी क्रमांक कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या आणि एक प्रत तुमच्याकडे ठेवा, कारण कोप्यात (ऊसतोड मजुरांच्या झोपडीत) कागद भिजतो आणि मोबाइल चार्ज नसतो.

घरी दोघांनी जा, येशूनेही शिष्यांना दोघादोघांनीच पाठवलं (मार्क ६). जोडीतल्या एकाला तरी भिली किंवा पावरी यायला हवी. दर रविवारी फोन, मुकादमाच्या फोनवर का होईना, पण त्याला आजाराचं नाव सांगू नका, "गोळ्या घेतल्या का" एवढंच रुग्णाला विचारा. होळीला बहुतेक लोक सातपुड्यात परततात. त्या आठवड्यात वजन करून घ्या आणि थुंकीची तपासणी राहिली असेल तर आरोग्य केंद्रात घेऊन जा.